जुना संगणक, लिनक्स आणि विंडोजवरील प्रोग्राम

आपल्याकडील विविध कार्यकारी सेवा सोसायट्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी सेवा केंद्रे आणि दूध संस्था यांच्या कचेऱ्यांतून संगणक ही आता नित्याची वस्तू झाली आहे. सभासदांची नोंदवही, खतसाठ्याचा ताळा, माती तपासणीच्या पत्रिका, पीक कर्जाच्या याद्या ही सर्व कामे त्यावरच होतात. यांपैकी बहुसंख्य संगणक विंडोज या कार्यप्रणालीवर चालतात. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेतील उणिवा दुरुस्त करणारी नवी भर त्या दिवसापासून सर्वांना आपोआप मिळेनाशी झाली. विंडोज ११ ही पुढील आवृत्ती २०२१ साली निघाली. परंतु तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि सामान्यतः २०१८ पूर्वीचे प्रोसेसर तिच्या मान्य यादीत बसत नाहीत. त्यामुळे धडधाकट असलेला संगणकही केवळ कार्यप्रणालीपायी निकामी ठरावा, असा प्रसंग अनेक संस्थांवर आला आहे.

अशा वेळी बरेच लोक दोनच मार्ग पाहतात. एक तर चार-पाच संगणक भंगारात घालून नवे घ्यावयाचे, किंवा जुन्यावरच जसे चालते तसे चालू द्यावयाचे. पहिला मार्ग लहान संस्थेला परवडत नाही. दुसरा धोक्याचा आहे. तिसरा मार्ग लिनक्सचा. तो सुचविला की पहिला प्रश्न येतो, "आमचे प्रोग्राम त्यावर चालतील काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देणारा मनुष्य एक तर अनुभवी नसतो किंवा विक्रेता असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावयाचा आहे.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली एका कार्यप्रणालीचा गाभा लिहून लोकांसमोर ठेवला. तोच लिनक्स. हा गाभा व त्याभोवती लागणारे इतर प्रोग्राम एकत्र बांधून जे तयार संच दिले जातात, त्यांची नावे निरनिराळी आहेत. डेबियन १९९३ पासून आहे, उबुंटू २००४ पासून, तर लिनक्स मिंट २००६ पासून. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचा संच डेबियनच्या आधारे तयार केला असून भारतीय भाषांची सोय हे त्याचे वैशिष्ट्य आहे. यांतील बहुतेक संच विनामूल्य मिळतात, कितीही संगणकांवर घालता येतात, आणि त्यांचा मूळ मजकूर कोणासही वाचता व सुधारता येतो.

चार गिगाबाइट स्मरणशक्ती असलेल्या जुन्या संगणकासाठी लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती मला सोयीची वाटते. विंडोज वापरणाऱ्याला तिच्यात फारसे बुजल्यासारखे होत नाही. तिची एक मोठी सोय अशी की पेनड्राईव्हवरून संगणक सुरू करून, आतील डिस्कला हात न लावता, ती वापरून पाहता येते. नवे वाण सगळ्या शेतात पेरण्यापूर्वी आपण चार ओळी पेरून पाहतो, तसाच हा प्रकार. या चाचणीत प्रिंटर, इंटरनेट व आवाज नीट चालतात की नाही हे आधी पाहून घ्यावे. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सशी जुळवून घेत नाहीत; ते संच बसविल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर का चालत नाही?

पुष्कळांचा असा समज आहे की विंडोजवरील प्रोग्राम आणि लिनक्सवरील प्रोग्राम यांची यंत्रभाषाच वेगळी असते. वास्तविक तसे नाही. प्रोसेसर तोच, बेरीज-वजाबाकीच्या सूचनाही त्याच. फरक पडतो तो प्रोग्रामने कार्यप्रणालीकडे करावयाच्या मागणीत. फाईल उघडणे, पडद्यावर खिडकी काढणे, प्रिंटरला मजकूर पाठविणे ही कामे कोणताही प्रोग्राम स्वतः करीत नाही. तो ती कार्यप्रणालीकडून करवून घेतो. विंडोजमध्ये ही मागणी करण्याचे हजारो ठराविक शब्द आहेत, आणि लिनक्सला त्यांतील एकही कळत नाही.

सीमाभागातील शेतकऱ्यांना हे चटकन उमजेल. कर्नाटकातील बाजारातून आणलेली खिलार जोडी अंगाने कितीही उत्तम असली, तरी तिला कानडी बोलांची सवय असते. आपला मराठी औत्या पहिल्या दिवशी कितीही ओरडला, तरी ती जागची हलत नाही. बैल तेच, औत तेच, जमीनही तीच. अडते ते बोलापाशी. अशा वेळी दोन्ही बोल जाणणारा एखादा पोरगा जोडीच्या पुढे उभा केला, तर काम मार्गी लागते. औत्या मराठीत सांगतो, पोरगा तेच कानडीत बोलतो, आणि तास सरळ पडते.

लिनक्सवर या पोराचे काम करणाऱ्या प्रोग्रामचे नाव 'वाईन' असे आहे. नाशिकच्या द्राक्षांशी त्याचा काही संबंध नाही.

वाईनचे कार्य

वाईनचे काम १९९३ साली सुरू झाले. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार हे त्याचे नेतृत्व करीत आहेत. त्याची १.० ही पहिली स्थिर आवृत्ती जून २००८ मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी निघाली. एवढा काळ लागला याचे कारण असे की विंडोजचा आतील मजकूर प्रसिद्ध नाही. कोणत्या मागणीला विंडोज काय उत्तर देते, हे बाहेरून तपासून तेच उत्तर देणारा मजकूर नव्याने लिहावा लागतो, आणि हे काम अद्याप चालूच आहे.

वाईन प्रोसेसरची नक्कल करीत नाही. प्रोग्रामच्या सूचना प्रोसेसर थेट पाळतो. मध्ये येते ते फक्त मागण्यांचे भाषांतर. यामुळे वाईनवर चालणारा प्रोग्राम पुष्कळदा विंडोजवर चालत होता तितक्याच वेगाने चालतो, आणि विंडोजचा परवानाही लागत नाही. २०१८ साली व्हॉल्व्ह या कंपनीने वाईनवर आधारित 'प्रोटॉन' हा संच खेळांसाठी काढला. वाईनची अलीकडील प्रगती बरीचशी त्यायोगे झाली आहे. आपल्या कचेरीत खेळांचे प्रयोजन नाही, परंतु त्यांच्या निमित्ताने झालेली सुधारणा आपल्याही पदरात पडते.

वाईन बसविल्यावर वापरणाऱ्याच्या खात्यात एक झाकलेला फोल्डर तयार होतो. त्यात विंडोजसारखा 'सी ड्राईव्ह', त्याची 'रजिस्ट्री' वगैरे सर्व काही मांडलेले असते. विंडोजच्या प्रोग्रामला वाटते की आपण विंडोजमध्येच आहोत. एकाच फोल्डरात पाच-सहा प्रोग्राम बसविले तर एकाला लागणारे घटक दुसऱ्याला बाधतात, असा अनुभव येतो. यास्तव प्रत्येक प्रोग्रामला निराळा फोल्डर द्यावा. रोपवाटिकेत प्रत्येक वाणाला निराळा गादीवाफा करतो, तद्वत्. हे काम हाताने करता येते; परंतु नवशिक्याने 'बॉटल्स' या प्रोग्रामची मदत घ्यावी. एखाद्या प्रोग्रामला विंडोजमधील विशिष्ट टंक किंवा जोडघटक हवे असल्यास ते 'वाईनट्रिक्स' आणून देतो. ज्यांना ही खटपट नको व थोडा खर्च चालेल, त्यांच्यासाठी कोडवीव्हर्स कंपनीचा 'क्रॉसओव्हर' हा विकत मिळणारा संच आहे. ती कंपनी वाईनच्या कामालाही हातभार लावते.

कोणता प्रोग्राम किती चांगला चालतो याची यादी वाईनच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहे. तिच्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ व गार्बेज अशा पाच प्रती आहेत. ही प्रतवारी वापरणाऱ्यांनी स्वतः केलेली असते. ती पाहताना नोंदीची तारीख व प्रोग्रामची आवृत्ती अवश्य पाहावी; दहा वर्षांपूर्वीच्या गोल्डला आज तेवढा अर्थ राहत नाही. आपल्याकडे स्थानिक प्रोग्रामरकडून लिहून घेतलेले प्रोग्राम तर या यादीत सापडणारच नाहीत. ते स्वतःच चालवून पाहिले पाहिजेत.

साधारणतः असे म्हणता येईल की एकट्याने उभे राहणारे, जुने, साधे प्रोग्राम वाईनवर बरे चालतात. विंडोज ९५ पूर्वीच्या काळातील १६-बिटी प्रोग्राम आजच्या ६४-बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत. वाईनवर मात्र ते कित्येकदा चालतात, ही एक गंमतच म्हणावी. त्याहून जुने डॉसचे प्रोग्राम 'डॉसबॉक्स'वर चालवावेत. कृषी महाविद्यालयांतून एके काळी प्रायोगिक आकडेमोडीसाठी वापरला जाणारा 'एमस्टॅट-सी' हा डॉसचाच प्रोग्राम होता. त्याच्या जुन्या फाईली ज्यांच्याकडे आहेत त्यांना हा उपाय उपयोगी पडेल.

याउलट ज्या प्रोग्रामला संगणकाच्या गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर बसवावा लागतो, तेथे वाईन हतबल होते. कुलपासारखे लावावयाचे डोंगल, काही बोटांचे ठसे घेणारी यंत्रे, प्रयोगशाळेतील उपकरणांशी जोडलेले प्रोग्राम या वर्गात मोडतात. वाईन बोलाचे भाषांतर करते. बैलाच्या पोटात शिरून काम करू शकत नाही.

आणखी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. लिनक्सला विंडोजचे व्हायरस बाधत नाहीत हे खरे असले, तरी वाईनमध्ये चालविलेला विषारी प्रोग्राम आपल्या खात्यातील फाईली वाचू व पुसू शकतो. कारण मूळ रचनेत वाईन आपली सर्व डिस्क 'झेड ड्राईव्ह' म्हणून त्याच्यापुढे उघडी ठेवते. तेव्हा कोठूनही आलेली ईएक्सई फाईल वाईनवर उघडू नये, आणि मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने तर वाईन कधीच चालवू नये.

एक चूक

या विषयात मी जे शिकलो त्यातील बराचसा भाग एका चुकीतून शिकलो. ती येथे सांगणे मला योग्य वाटते. २०२२ सालच्या मे महिन्यात मी एका तालुक्याच्या ठिकाणी माती तपासणीच्या कामावर होतो. तेथील संगणकावर विंडोज ७ होते. त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपलेला होता आणि संगणकात दर आठवड्याला व्हायरस शिरत होता. शनिवारी दुपारी मी उत्साहाने डिस्कवरील विंडोज पुसून लिनक्स बसविले. शिफारसपत्रिका छापणारा प्रोग्राम वाईनवर चालेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो एका डोंगलशिवाय उघडत नव्हता, आणि डोंगलचा ड्रायव्हर वाईनवर बसेना.

सोमवारी सकाळी व्हरांड्यात वीस-बावीस शेतकरी उभे होते. पेरणी तोंडावर आलेली, खताची खरेदी पत्रिकेवर अडलेली. दोन खेपा घातलेले एक वयस्क गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "साहेब, माझ्या मातीचं काय झालं? मशीन बंद पडलं तर तोंडी सांगा, मी ध्यानात ठेवतो." मी म्हणालो, "आबा, आकडे आहेत, पण ते बाहेर काढता येत नाहीत." हे उत्तर देताना मला जी लाज वाटली ती अजून विसरलो नाही. पुढील अकरा दिवस आम्ही प्रयोगशाळेच्या वहीवरून पत्रिका हाताने लिहिल्या.

सुदैवाने डिस्क पुसण्यापूर्वी माहितीचा फोल्डर मी पेनड्राईव्हवर उतरवून घेतला होता. त्यात अ‍ॅक्सेस पद्धतीची एक एमडीबी फाईल होती. लिनक्सवरील 'एमडीबी टूल्स' या छोट्या संचाने तिच्यातील सर्व तक्ते साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता आले. ते लिब्रे ऑफिसच्या 'कॅल्क' मध्ये उघडले तेव्हा असे दिसून आले की तो प्रोग्राम करीत असलेले गणित एका पानावर मावेल इतके साधे होते. उदाहरणार्थ, उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असल्यास जमीन नत्रात 'कमी', २८० ते ५६० पर्यंत 'मध्यम' आणि त्यापुढे 'भरपूर' समजावयाची. कमी असल्यास शिफारशीच्या मात्रेत चतुर्थांश वाढ व भरपूर असल्यास चतुर्थांश घट करावयाची. एखाद्या पिकाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची असून तपासणीत उपलब्ध नत्र २१० किलो आले, तर मात्रा १२५ किलो होते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया सुमारे २७२ किलो, म्हणजे ४५ किलोच्या सहा गोण्या. हे सारे कॅल्कच्या एका ओळीत, 'जर-तर' च्या सूत्राने बसले.

एवढ्यावर भागले नाही. सूत्रे उघड्यावर आल्यामुळे आमच्या एका सहकाऱ्याच्या लक्षात आले की जुन्या प्रोग्राममध्ये दोन पिकांच्या मात्रा कधीच्या जुन्या राहून गेल्या होत्या. बंद पेटीत काय आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की जुना प्रोग्राम लिनक्सवर ओढून आणण्यापूर्वी तो नेमके काय काम करतो हे कागदावर लिहून काढावे. अनेकदा तेच काम करणारे लिनक्सचे स्वतःचे साधन आधीच हाताशी असते, व वाईनचा खटाटोप वाचतो.

लिनक्सवरील पर्यायी साधने

कचेरीच्या कामात पहिले स्थान लेखन व तक्ते यांचे. त्यासाठी 'लिब्रे ऑफिस' पुरेसे आहे. २०१० साली ओपन ऑफिसपासून वेगळे होऊन ते निघाले. ते वर्ड व एक्सेलच्या फाईली उघडते व त्या स्वरूपात जतनही करते. मात्र बाहेरून आलेल्या फाईलीची मांडणी क्वचित हलते. याचे मुख्य कारण टंक. मूळ फाईलीत कॅलिब्री टंक असेल आणि तो आपल्याकडे नसेल, तर ओळी सरकतात. कॅलिब्रीच्या मापाचा 'कार्लिटो', कॅम्ब्रियाच्या मापाचा 'कॅलाडिया' आणि टाइम्स व एरियल यांच्या मापाचे 'लिबरेशन' हे टंक विनामूल्य आहेत; ते बसविल्यास ही तक्रार बरीचशी दूर होते. एक्सेलमधील मॅक्रो मात्र सर्वच्या सर्व चालतील असे समजू नये. ज्या तक्त्यात मॅक्रो आहेत ते आधी वेगळे काढून एकेक तपासावेत.

मराठी मजकुराची गोष्ट निराळी असून तिकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. आपल्या संस्थांकडील वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-योगेश यांसारख्या जुन्या टंकांत पडून आहे. त्या काळी प्रत्येक टंकाची अक्षरमांडणी आपापली होती. टंकाची फाईल असेल तर ती लिनक्सच्या टंकांच्या फोल्डरात ठेवताच असा मजकूर पूर्ववत दिसू लागतो. त्यासाठी वाईनची गरज नाही. परंतु दिसणे वेगळे आणि शोधता येणे वेगळे. सभासदाचे नाव शोधावयाचे, याद्या अकारविल्हे लावावयाच्या, किंवा मजकूर दुसऱ्या कचेरीस पाठवावयाचा, तर तो युनिकोडमध्येच हवा. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये बदल करणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांनी केलेला बदल डोळ्यांत तेल घालून तपासावा. रफार, पहिली वेलांटी आणि 'द्य', 'श्र', 'क्ष' यांसारखी जोडाक्षरे येथे हटकून चुका होतात, आणि नावातील एक चूक पुढे कर्जाच्या यादीत फार महाग पडते.

नवीन टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरावा. तो विंडोजवर व लिनक्सवर सारखाच आहे. ज्याचा हात एकदा बसला त्याला कार्यप्रणाली बदलल्याने काही अडचण पडत नाही. रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणारी सोयही लिनक्समध्ये 'आयबस' व 'एम१७एन' या घटकांद्वारे मिळते. टंकांपैकी नोटो, लोहित व मुक्ता हे सुवाच्य असून विनामूल्य आहेत.

शेतीच्या खास कामांकडे वळता असे दिसते की तेथे लिनक्स मुळीच मागे नाही. गावनकाशा, पाणलोट क्षेत्र, विहिरींच्या जागा मांडण्यासाठी 'क्यूजीआयएस' हा उत्तम प्रोग्राम आहे. त्याचे काम २००२ साली सुरू झाले. प्रायोगिक आकडेमोडीसाठी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली 'आर' ही भाषा आहे. तिला 'अ‍ॅग्रिकोले' हा शेतीप्रयोगांसाठीचा जोडसंच लावला की यादृच्छिक गट रचनेची मांडणी करणे, विचरण विश्लेषण व क्रांतिक फरक काढणे ही कामे नीट होतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी चोरलेल्या प्रती बसविण्यापेक्षा हे शिकावे, असे मी आग्रहाने सांगेन. चित्रे सुधारण्यासाठी 'गिंप', रेखाटनासाठी 'इंकस्केप' आणि घडीपत्रिकेच्या पानांची मांडणी करण्यासाठी 'स्क्रायबस' आहे. हे तिन्ही शिकण्यास थोडा वेळ लागतो. ज्याचा हात वर्षानुवर्षे फोटोशॉपवर बसला आहे तो पहिले पंधरा दिवस चिडचिड करील, हे धरून चालावे.

हिशेबाच्या बाबतीत मी सावधपणे लिहितो. घरगुती किंवा लहान दुकानाचा जमाखर्च 'ग्नूकॅश' मध्ये उत्तम ठेवता येतो. परंतु संस्थेचे लेखापरीक्षक, बँक व कर सल्लागार एका ठराविक प्रोग्रामची फाईल मागत असतील, तर केवळ हौसेखातर तो प्रोग्राम सोडणे शहाणपणाचे नव्हे. त्यासाठी पुढील उपाय आहे.

संगणकात संगणक

वाईनने भागत नाही आणि पर्यायही नाही, अशा एखाद्या प्रोग्रामसाठी लिनक्सच्या आतच एक आभासी संगणक उभा करून त्यात खरेखुरे विंडोज बसविता येते. 'व्हर्च्युअल बॉक्स' हा त्यासाठी सर्वांत सोपा प्रोग्राम आहे. यात विंडोज संपूर्ण असल्याने जवळजवळ सर्व प्रोग्राम चालतात, आणि डोंगल किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन बाहेरून आतल्या संगणकास जोडून देता येते. टोकन आत दिसले नाही तर लिनक्सवरील आपल्या खात्याचे नाव व्हर्च्युअल बॉक्सच्या गटात घातले आहे की नाही हे प्रथम पाहावे. दहापैकी आठ वेळा दोष तेथेच असतो.

याची किंमत मात्र मोजावी लागते. आतील विंडोजला परवाना लागतो. संगणकाची स्मरणशक्ती दोघांत वाटली जाते, म्हणून चार गिगाबाइटवर हा उपाय ओढूनताणूनच चालतो. किमान आठ असावी. प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. आतील विंडोज जुने, आधार संपलेले असेल, तर त्याला इंटरनेटची जोडणी देऊ नये. फाईलींची देवघेव सामाईक फोल्डरातून करावी.

एकाच डिस्कवर विंडोज व लिनक्स शेजारी-शेजारी बसवून सुरू करताना हवे ते निवडणे, हाही एक मार्ग आहे. असे करताना विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. अन्यथा विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि त्याच्या विभागातील फाईलींवर लिनक्समधून लिहिता येत नाही. घरी हा मार्ग ठीक आहे. कचेरीत, जेथे दर तासाला दोन्हीकडचे काम लागते, तेथे माणसे कंटाळतात आणि शेवटी विंडोजमध्येच बसून राहतात, असे मी पाहिले आहे.

बदल कोणत्या क्रमाने करावा?

आधी औत बदलावे, मग बैल. लिब्रे ऑफिस, गिंप, इंकस्केप, क्यूजीआयएस, आर ही सर्व साधने विंडोजवरही चालतात. म्हणून प्रथम आहे त्या विंडोजवरच ती बसवून कर्मचाऱ्यांचा हात बसू द्यावा. दोन-तीन महिन्यांनी ज्याला जुन्या प्रोग्रामची आठवण होत नाही, त्याचा संगणक लिनक्सवर न्यावा. एका वेळी एकच संगणक बदलावा, आणि तोही खरीप वा रब्बीच्या ऐन घाईत किंवा मार्चअखेर कदापि नव्हे. कचेरीतील निदान एक संगणक विंडोजवर राहू द्यावा. डिजिटल स्वाक्षरी, ठसे घेणारी यंत्रे व काही शासकीय कामे यांसाठी त्याची गरज केव्हा लागेल सांगता येत नाही. या बाबतीत आपण वापरीत असलेले टोकन व यंत्र यांना लिनक्सचा ड्रायव्हर आहे काय, हे पुरवठादारास लेखी विचारून ठेवावे.

संगणकावरील प्रत्येक प्रोग्रामची एक यादी करून तिच्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: तो कोण वापरतो, काय कामासाठी, त्याची माहिती कोणत्या फाईलीत राहते, आणि त्याला डोंगल किंवा खास यंत्र लागते काय. माझ्या अनुभवात अशा यादीतील निम्मे प्रोग्राम कोणी उघडतही नाही असे आढळते. उरलेल्यांपैकी बहुतेकांना वर सांगितलेला पर्याय मिळतो, एक-दोन वाईनवर जातात, आणि एखादाच आभासी संगणकात ठेवावा लागतो.

आणि डिस्क पुसू नये. शक्य असल्यास जुनी डिस्क जशीच्या तशी काढून घेऊन नवी लहान एसएसडी बसवावी व लिनक्स तिच्यावर घालावे. जुन्या संगणकाचा वेगही त्यामुळे चांगलाच वाढतो. काढलेली डिस्क कागदात गुंडाळून, त्यावर संगणकाचा क्रमांक व तारीख लिहून, पुढील लेखापरीक्षण होईपर्यंत कपाटात कुलुपाखाली ठेवावी. डोंगलही तिच्याच पाकिटात ठेवावा.